थांबण्याची झीज

पहिल्या पावसानंतरच्या किंवा गाडी धुतल्यानंतरच्या सकाळी, उभ्या मोटारीच्या पुढच्या चाकाच्या फटींतून आत डोकावले असता, एरवी आरशासारखी चकाकणारी लोखंडी तबकडी तांबूस दिसते. ही तबकडी म्हणजे ब्रेकची डिस्क. ती चाकाबरोबर फिरते आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून गाडी थांबवली जाते. रात्रभरात तिच्यावर चढलेला गंज इतका कोवळा असतो की बोट फिरवले तरी बोटालाच लागतो, आणि घरापासून पहिल्या चौकापर्यंतच्या दोन-चार ब्रेकांत तो पुसलाही जातो. मात्र तेवढ्या अंतरात चाकातून येणारी खरखर ऐकून नवखा मालक दचकतो आणि जुना मालक रेडिओचा आवाज वाढवतो. दोघांपैकी कोणाचे खरे, हे त्या सकाळी कळत नाही.

सोलापुरात असा प्रश्न कानावर सोपवण्याची रीत जुनी असावी, कारण हे शहर दीर्घकाळ आवाजावर चालले. १८७७ साली सुरू झालेल्या आणि पुढे ‘जुनी मिल’ याच नावाने ओळखल्या गेलेल्या गिरणीच्या, आणि तिच्यामागून उभ्या राहिलेल्या इतर गिरण्यांच्या, भोंग्यांवर घराघरांतल्या चुली पेटत आणि डबे भरले जात. गिरण्या बंद पडल्या तरी पूर्वभागातील तेलुगूभाषक पद्मशाली विणकरांच्या वस्त्यांत यंत्रमागांची खटखट उरली, आणि जिच्यामुळे सोलापूरचे नाव घरोघरी अंथरले-पांघरले जाते ती चादर त्या खटखटीतूनच बाहेर पडत राहिली. मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावणाऱ्या नळकांडीला धोटा म्हणतात. हा धोटा पेटीवर नीट आदळतो की ओझरता, हे शेजारच्या मागाशी उभा असलेला विणकर मान न वळवता ओळखतो. गिरणीत साचे, म्हणजे माग, लावून देणाऱ्या आणि त्यांची डागडुजी करणाऱ्या जॉबरचे अर्धे कसब हातात होते आणि अर्धे कानात. अक्कलकोट रस्त्याच्या कडेला उघड्यावर काम करणारा मोटार-मिस्त्री गाडी आली की आधी बॉनेट उघडत नाही. मालकाला तो एक फेरी मारून आणायला सांगतो आणि स्वतः भिंतीशी उभा राहून ऐकतो. ही पद्धत कोणत्या पाठ्यपुस्तकातून आली असेल, तर ते पुस्तक याच शहरात विणले गेले, असे म्हणण्याचा मोह होतो.

ब्रेकच्या आवाजांत भेद करण्यासाठी मराठीकडे शब्दांची वाण नाही. बारीक, उंच, कानात घुसणारी ‘चीं’ ही पहिली पायरी. बहुतेक ब्रेकपॅडांना पत्र्याची एक लहानशी जीभ मुद्दाम बसवलेली असते. पॅडवरचा घर्षणाचा थर झिजत दोन-तीन मिलिमीटरवर आला की ही जीभ डिस्कला टेकते आणि किंचाळू लागते. म्हणजे ती ‘चीं’ हा बिघाड नसून बिघाडाआधीची वर्दी असते, आणि वर्दी देणाऱ्याचे जे सर्वत्र होते तेच तिचेही होते: काही दिवसांनी तिची सवय होते. दुसरी पायरी म्हणजे जाड, दळल्यासारखी घरघर, जी कानापेक्षा आधी पायाच्या तळव्याला कळते. सोलापुरी बोलीत तिला ‘ब्रेक घासायलाय’ म्हणतात, आणि प्रमाणभाषेतल्या ‘घासत आहे’पेक्षा या रूपात त्या क्रियेचे न थांबणे अधिक नेमके उतरते. या पायरीवर घर्षणाचा थर संपलेला असतो, त्यामागची पोलादी पट्टी थेट डिस्कवर चालू लागलेली असते आणि लोखंड लोखंडाला खात असते.

परंतु घरघर ऐकली म्हणून पॅड संपले असा निकाल देण्याची घाई मुरलेला मिस्त्री करत नाही. त्याचे प्रश्न साधे असतात आणि ते ठरावीक क्रमाने येतात. दाबल्यावर वाजतो की सोडल्यावर? दाबल्यावर वाजत असेल तर पॅड किंवा डिस्क. ब्रेकला पाय न लावताही वेगाबरोबर चढणारी घुंघुं असेल, आणि गाडी वळवताना ती कमीजास्त होत असेल, तर चाकाचे बेअरिंग, म्हणजे ज्या गोळ्यांच्या कड्यावर चाक फिरते ते, वाजत असण्याचा संभव मोठा. एकाएकी सुरू होऊन तशीच कर्कश चालणारी करकर बहुधा खड्याची असते: डिस्कमागे धूळ अडवण्यासाठी पातळ पत्र्याची ढाल असते आणि मुरमाच्या रस्त्यावरून गाडी नेली की तिच्या नि डिस्कच्या फटीत हरभऱ्याएवढा खडा जाऊन बसतो. गाडी थोडी मागे घेतली की कधी कधी तो आपणहून गळून पडतो आणि मालकाचे काही हजार रुपये वाचतात. याशिवाय निसरड्या जागी जोरात ब्रेक मारला असता पेडल थरथरते व खडखडते, ते चाक जाम होऊ न देणाऱ्या एबीएस या यंत्रणेचे काम असते. पहिल्यांदा तो अनुभव घेणारा माणूस नेमका त्याच क्षणी पाय उचलतो, हे त्या यंत्रणेचे दुर्दैव. सगळ्यात शेवटी मिस्त्री चाकाजवळ तळहात नेतो, टेकवत मात्र नाही. चार चाकांपैकी एकच जास्त तापले असेल तर तिथला ब्रेक सुटत नाही, हे त्याला पुढचे काही न विचारता समजते.

चाक उतरवल्यावर दिसणारे दृश्य मात्र ऐकलेल्या आवाजापेक्षा अधिक गुंतागुंतीचे असते. बहुतेक कौटुंबिक गाड्यांत डिस्कवर स्वार झालेला कॅलिपर, म्हणजे पॅडांना डिस्कवर आवळणारा लोखंडी जबडा, एकाच बाजूने, आतल्या अंगाने, ढकलला जातो. ब्रेक ऑइलच्या दाबाने पिस्टन आतले पॅड डिस्कवर रेटतो आणि त्याच्या उलट धक्क्याने सगळा जबडा दोन पिनांवरून सरकून बाहेरचे पॅडही आवळतो. या पिना सुकल्या, गंजल्या किंवा त्यांच्या रबरी टोपणांतून धूळ आत गेली की जबडा सरकेनासा होतो. काळ्या रानातली भुकटी आणि उसाच्या ट्रॉल्यांनी उडवलेली माती यांची सोलापूर परिसरात टंचाई नसल्याने हे इथे नवलाचे नाही. मग सगळा भार आतल्या पॅडवर येतो. जागरूक मालक चाकाच्या फटींतून महिन्यातून एकदा पाहतो, बाहेरचे पॅड बोटाच्या अर्ध्या पेराएवढे शाबूत दिसते, आणि तो निर्धास्त होतो. त्याच वेळी त्याच्या नजरेआड, डिस्कच्या पलीकडे, दुसरे पॅड कागदाएवढे उरलेले असते. एकत्र कुटुंबातल्या झिजेशी याची तुलना करण्याचा मोह आवरणे अवघड आहे, कारण तिथेही दिसणारा आणि झिजणारा हे बहुधा वेगळेच असतात.

मराठीने ‘झिजणे’ हे क्रियापद तसे मोजक्या गोष्टींना दिले आहे. चंदन झिजते, आणि त्याचा गौरव इतक्या वेळा झाला आहे की आता चंदनालाही संकोच वाटावा. चपला झिजतात, कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले जातात, आणि तिथे कौतुकापेक्षा वैताग अधिक असतो. ब्रेकपॅडची झीज या दोहोंत कुठेच बसत नाही. ते झिजण्यासाठीच घडवलेले असते. ज्या दिवशी ते झिजणे थांबेल त्या दिवशी गाडी थांबणार नाही. आणि त्याच्यापासून सुगंध येत नाही, चाकांवर बसणारी काळी भुकटी तेवढी येते, जी दर रविवारी मुले कुरकुरत धुतात.

या झिजणाऱ्या थराचा पूर्वेतिहास विणकरांच्या शहराला जवळचा वाटावा असा आहे. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेन्झ ही स्त्री आपल्या दोन मुलांना घेऊन, पतीने बनवलेल्या तीनचाकी मोटारीतून, जर्मनीतील मानहाइमहून सुमारे १०६ किलोमीटरवरच्या फोर्झहाइमला गेली. मोटारीने केलेला हा पहिला लांबचा प्रवास मानला जातो. वाटेतल्या उतारांवर गाडीचे ब्रेकचे ठोकळे झिजू लागले तेव्हा तिने एका गावी चांभाराला गाठून त्यांवर चामडे ठोकून घेतले. ब्रेकला अस्तर लावण्याची कल्पना तिथे जन्मली असे सांगतात. म्हणजे पहिला ब्रेक-मिस्त्री चांभार होता. पुढे १८९७ च्या सुमारास इंग्लंडमधील हर्बर्ट फ्रूड या गृहस्थाने केसांचे किंवा सुताचे विणलेले पट्टे डांबरासारख्या द्रव्यात मुरवून गाड्यांच्या ब्रेकांना बसवायला सुरुवात केली. आजही ओळखीचे असलेले ‘फेरोडो’ हे नाव त्याच्या आडनावाच्या अक्षरांची उलटापालट करून व त्यात पत्नी एलिझाबेथच्या नावाचे एक अक्षर मिसळून घडवलेले आहे. एवंच, मोटार थांबवण्याच्या कलेच्या आरंभकाळी तिच्या गाभ्याशी कापड होते, उभे-आडवे धागे असलेले, मागावर विणलेले. सुताला उष्णता सोसेना म्हणून १९०८ च्या सुमारास त्याची जागा ॲस्बेस्टॉसने, म्हणजे न जळणाऱ्या तंतुमय खनिजाने, घेतली. तेही आधी विणलेच जाई. त्याची धूळ फुप्फुसांत जाऊन जीवघेणे आजार होतात हे सिद्ध झाल्यावर अनेक देशांनी ते सोडले, आणि आताचे पॅड राळ, धातूचे तंतू, ग्राफाइट अशा मिश्रणातून दाबून तयार करतात. तरीही चाक उतरवल्यावर तोंडाने फुंकर मारून ती काळी भुकटी उडवण्याची सवय गॅरेजांतून गेलेली नाही. ओल्या फडक्याने पुसणे सहज जमण्यासारखे आहे, आणि तेच करावे.

डिस्क ब्रेकचे पेटंट १९०२ साली बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टर या अभियंत्याने घेतले होते, पण त्याने तबकडीवर तांब्याचे अस्तर दाबले आणि धातूवर धातू घासून असा काही चीत्कार उठे की ती कल्पना मागे पडली. आज पॅड संपलेली गाडी चौकात जो आवाज काढते, तो एका अर्थी लँचेस्टरच्या मूळ शोधाचाच आवाज होय. त्यानंतर कित्येक दशके कौटुंबिक मोटारी ड्रम ब्रेकवर चालल्या. त्यात चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी डब्याच्या आतल्या भिंतीवर दोन अर्धगोल ‘शू’ दाबले जातात, आणि त्यांच्यावरच्या अस्तराला गॅरेजांत आजही ‘लायनर’ म्हणतात. मराठी मध्यमवर्गाच्या ‘फियाट’चे ब्रेक दीर्घकाळ असेच होते. ती गाडी मुंबईत, कुर्ल्याच्या ज्या प्रीमियर कंपनीतून बाहेर पडे, ती १९४४ साली स्थापन करणारे वालचंद हिराचंद हे १८८२ साली सोलापुरातच जन्मले होते. रेल्वेच्या बांधकामाची कंत्राटे, जहाजे, विमाने आणि मोटारी असा त्यांचा प्रवास पाहिला की आयुष्यभर या माणसाने फक्त जाण्याच्या साधनांचा विचार केला असे वाटते. शहरात त्यांच्या नावाची महाविद्यालये आहेत, आणि तिथे शिकणारी मुले परीक्षेत ड्रम व डिस्क यांतील फरक लिहितात. तो फरक मुख्यतः उष्णतेचा आहे. तापलेला ड्रम फुगून शूपासून दूर जातो आणि ब्रेकचा जोर विरतो. डिस्क उघड्या हवेत फिरत असल्याने लवकर निवते.

उष्णतेचा हा हिशेब डोळ्यांसमोर आणायचा तर स्वयंपाकघरात जावे लागते. माणसांसह हजार किलो भरणारी गाडी ताशी ६० किलोमीटर वेगावरून पूर्ण थांबते, तेव्हा तिच्या गतीची जी उष्णता होते तिच्यावर ३० अंश सेल्सिअसचे जवळजवळ अर्धा लिटर पाणी उकळीला यावे, म्हणजे घरच्या चार माणसांचा चहा व्हावा. वेग दुप्पट केला तर तीच उष्णता चौपट होते. एका सिग्नलला एक आधण, असा हा खर्च आहे. तुळजापूरचा घाट उतरताना तो एकामागून एक होत जातो. सोलापूरहून सुमारे ४५ किलोमीटरवर, बालाघाटाच्या डोंगरकडेला, देवीचे दर्शन घेऊन परतणारी कुटुंबाची गाडी भरलेली असते, मागे झोपलेली मुले असतात, आणि ज्या गिअरमध्ये घाट चढला त्याच गिअरमध्ये उतरावा हा जुन्या ड्रायव्हरांचा पाठ न आठवणारा चालक सगळा उतार ब्रेकवर पाय ठेवून काढतो. ब्रेक ऑइल हे हवेतला ओलावा शोषणारे द्रव असते. ज्या ‘डॉट ४’ प्रतीचा उत्कलनबिंदू ताजेपणी किमान २३० अंश असावा लागतो, तिच्यात पाणी मुरल्यावर तो १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. मग आत वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल ओल्या स्पंजासारखे खाली जाते. हे ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलावे असे गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेले असते, आणि ती पुस्तिका बहुतेक घरांत प्लॅस्टिकच्या मूळ पिशवीसह जपून ठेवलेली असते. कोजागरीला सोलापूरची माणसे रात्रभर चालत तुळजापूर गाठतात, त्या रात्री या रस्त्यावरची वाहतूक वळवली जाते, आणि एका रात्रीपुरता घाट झिजेशिवाय चढला जातो. अर्थात चपला सोडून.

दुरुस्तीचे काम पाहायला बसले तर त्याचा बराचसा भाग घाई न करण्यात जातो. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचे, मागच्या चाकाला दगड लावायचा, गाडी जॅकने उचलल्यावर ती केवळ जॅकच्या भरवशावर न ठेवता खाली स्टँड द्यायचा, हे सगळे मुख्य कामाच्या आधीचे. मग कॅलिपरचा खालचा बोल्ट निघतो, जबडा वर उचलला जातो; तो पुरता सोडवायचा असेल तर तारेने वर बांधतात, कारण ऑइलच्या रबरी नळीवर त्याचे वजन लोंबकळत ठेवणे हा या धंद्यातला अक्षम्य आळस मानला जातो. जुनी पॅड बाहेर येतात. डिस्कवर ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या चऱ्या उमटलेल्या असतात, आणि त्या अर्थाने ती खरोखरच एक ध्वनिमुद्रिका असते: कुठला मालक उशिरा आणि जोरात थांबतो, कुठला उगाच पाय ठेवून चालवतो, हे मिस्त्री तिच्यावर नख फिरवून सांगतो. नख अडकले तर लेथवर टर्निंग मारून पृष्ठभाग सपाट करावा लागतो. परंतु डिस्कवर तिची किमान जाडी मिलिमीटरमध्ये कोरलेली असते आणि टर्निंगनंतर ती त्याखाली जात असेल तर नवी डिस्क घेण्याला पर्याय नसतो. डिस्क करड्या ओतीव लोखंडाची असते. त्या लोखंडात ग्राफाइटचे सूक्ष्म पापुद्रे असतात, जे उष्णता वाहून नेतात आणि कंप शोषून घेतात. म्हणून हे लोखंड मुळात अबोल असते, आणि त्याला बोलायला लावणे हे मालकाचे कर्तृत्व असते. मोटारींचे कॅमशाफ्ट ओतून देशोदेशी पाठवणाऱ्या सोलापूरला ओतकामाची ही विद्या नवखी नाही.

पिना काढून, घासून, ब्रेकसाठीचेच वेगळे ग्रीस लावून परत बसवतात. साधे ग्रीस उष्णतेने वितळते आणि रबर फुगवते, आणि पाच-पन्नास रुपयांच्या बचतीपायी तोच आवाज सहा महिन्यांनी परत येतो. पिस्टन शिकंज्याने हळूहळू आत ढकलताना बॉनेटखालच्या डबीतले ऑइल वर चढते, ते सांडू नये म्हणून कोणी तरी तिथे उभे राहावे लागते, आणि हे काम घरच्या धाकट्या मुलाला दिले जाते. पॅड दोन्ही चाकांची एकदमच बदलायची, एका बाजूची कधीच नाही, नाहीतर गाडी एकीकडे खेचते. सगळे जागेवर आल्यावर, गाडी हलवण्यापूर्वी, पेडल कडक लागेपर्यंत पुन्हा पुन्हा दाबायचे. ही पायरी विसरलेल्या माणसाला पहिल्या दाबाला पेडल थेट तळाशी जाताना पाहून जे वाटते, ते विसरता येत नाही.

नवी पॅड लगेच पूर्ण जोराने वापरत नाहीत. त्यांचा पृष्ठभाग डिस्कच्या अंगवळणी पडावा म्हणून मध्यम वेगावरून हलकेच, पूर्ण न थांबता, वीस-तीस वेळा ब्रेक लावायचा असतो, आणि प्रत्येक दोन वेळांमध्ये डिस्कला निवायला वेळ द्यायचा असतो. म्हणून दुरुस्तीनंतरच्या पहाटे होटगी रस्त्याला एखादी गाडी विनाकारण वेग घेताना आणि विनाकारण मंदावताना दिसते. फिरायला निघालेली माणसे वळून पाहतात. गाडीत रेडिओ बंद असतो, काचा खाली असतात आणि चालकाची मान किंचित उजवीकडे कललेली असते.

परतीला शहर जागे झालेले असते. आसरा चौकात गर्दी, सात रस्त्याला त्याहून अधिक. सिग्नलला गाडी मंदावते आणि तीच ओळखीची, दळल्यासारखी घरघर उघड्या काचेतून आत येते. चालक पेडलवरचा पाय क्षणभर उचलतो. आवाज तसाच चालू राहतो. शेजारी चादरींचे गठ्ठे लादलेला टेंपो येऊन थांबतो, त्यातले गाणे मोठ्याने लागलेले असते, आणि टेंपोवाला सिग्नलच्या आकड्यांकडे पाहत बसलेला असतो.